पाण्याचा हिशेब आहे, मिठाचा कुठंय?

पोस्ट जरा लांब आहे. पण हवेली-दौंडकडे ज्यांची शेती आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

पुणे शहराचं प्रक्रिया केलेलं पाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचलून जुन्या मुठा उजव्या कालव्यात, म्हणजे आपल्या बेबी कालव्यात सोडतात. त्यावर आपण भांडतो ते एकाच गोष्टीवर: किती टीएमसी? मला वाटतं, आधी थोडं मागे जाऊन बघावं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्या पुण्यात कार्यकारी अभियंता होते. नीरा कालव्यावर त्यांनी ब्लॉक पद्धत आणली. ऊस ठराविक हिश्श्यातच, तोही जागा बदलत. बाकी रानात हंगामी पिकं. थोडं पाणी जास्त लोकांना, हा त्यामागचा विचार. तरीही नीरा डाव्या कालव्यावर ऊस वाढला, पाणी भरपूर दिलं गेलं, निचरा नव्हता. भूजल वर आलं आणि जमिनी पाणथळ, चोपण झाल्या. क्लॉड इंग्लिस यांच्यासारख्या अभियंत्यांना मग निचऱ्याच्या मागे लागावं लागलं.

पाण्याचं गणित पुढे बरंच सुधारलं. 1979 मध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेसाठी डोरेनबॉस आणि कासम यांनी पिकावार आकडे दिले. पिकाला लागणाऱ्या पाण्यात 20 टक्के तूट आली, तर ऊस साधारण 24 टक्के घटतो, भुईमूग 14 टक्के. 2009 मध्ये त्याच संघटनेचं ‘ॲक्वाक्रॉप’ हे मॉडेल आलं. हवामान, माती, पीक आणि पाण्याच्या पाळ्या भरल्या की ते रोजची वाढ आणि शेवटचं उत्पादन मांडतं. कुठली पाळी चुकली तर चालेल, कुठली अजिबात नाही, हे आधी कळतं.

पण शहरातून आलेल्या पाण्यात क्षार जास्त असतात. साधा हिशेब करा. समजा लिटरला 700 मिलिग्रॅम क्षार आहेत. एकरी 4 इंच पाणी दिलं की सुमारे 290 किलो क्षार रानात आले, म्हणजे जवळजवळ सहा गोण्या! मातीची क्षारता (ईसी) 1.2 च्या पुढे गेली की दर एककाला कांदा 16 टक्के घटतो. ऊस 1.7 नंतर सुमारे 6 टक्के. गहू 6 पर्यंत तग धरतो. शिवाय या पाण्यात नत्रही असतं. सुरुवातीला खताचा खर्च वाचतो, पण ऊस पक्व होताना तेच नत्र साखर उतारा खाली आणतं.

खरी मेख पुढे आहे. पाणी बेताचंच दिलं तर क्षार खाली धुऊन जात नाहीत, मुळांपाशीच साठतात. पावसाळा ते धुतो, पण निचरा असेल तरच; आणि आपली काळी जमीन निचऱ्याला जड. आजोबांच्या पिढीत जमिनी जास्त पाण्याने खराब झाल्या. आपल्या पिढीत त्या कमी पाण्यानेही होऊ शकतात.

म्हणून पाणीवापर संस्थेच्या पुढच्या बैठकीत टीएमसीबरोबर तीन गोष्टी मागू या: दर आवर्तनाला पाण्याची ईसी, दर उन्हाळ्यात मातीची ईसी, आणि हे दोन्ही आकडे धरून केलेलं पीकवार पाळ्यांचं नियोजन. ब्लॉक पद्धतीत पाण्याचा हिशेब होता, मिठाचा नव्हता. ती चूक परत नको.

तुमच्या रानाची माती शेवटची कधी तपासली? कमेंटमध्ये सांगा.