डॅशंड आळशी नसतो

फ्लॅटमध्ये कुत्रा पाळू पाहणाऱ्याला डॅशंड सुचवताना एक गुण हमखास सांगितला जातो: ‘खाऊन-पिऊन पडून राहतो, त्रास नाही.’ पुढे तो खरोखरच दिवसभर पडून राहू लागला, तरी घरात कोणाला त्याचे काही वाटत नाही. पाय आखूड, पोट सुटलेले, वयही झालेले. सुस्तावणारच, असे म्हणून विषय संपतो. हा समज आधी त्याच्याच बाजूने नीट मांडू.

पूर्वपक्ष असा. कुत्रा मुळात झोपाळू. मोठा कुत्रा दिवसाचे १२ ते १४ तास सहज झोपतो. त्यातून आखूड पायांना धावपळ झेपत नाही. वयाबरोबर ताकद आणखी घटते. म्हणून पडून राहणे हा डॅशंडचा स्वभावच. फार तर रोज फिरवावे आणि एखादे टॉनिक द्यावे.

यातले झोपेचे विधान खरे आहे. आखूड पायांचे मात्र जातीच्या नावापाशीच कोसळते. जर्मन भाषेत ‘डाक्स’ म्हणजे बॅजर, ‘हुंड’ म्हणजे कुत्रा. बॅजर हा बिळात राहणारा, दात-नखांनी जबर जखमा करणारा प्राणी. त्याच्या बिळात एकट्याने शिरायचे, अंधारात त्याला अडवून धरायचे आणि वर उभ्या शिकाऱ्याला ऐकू जाईल असे भुंकत राहायचे, या कामासाठी ही जात घडवली गेली. आखूड पाय ही त्या कष्टांची तयारी होती. नैयायिकांच्या भाषेत, आळस सिद्ध करायला ‘आखूड पाय’ हा हेतू दिला तर तो व्यभिचारी ठरतो; कारण जिथे आळसाचा मागमूस नाही, तिथेही तो आढळतो.

या पायांचा मलूलपणाशी संबंध आहे, पण तो वेगळ्या वाटेने. पाय आखूड करणाऱ्या जनुकीय बदलांपैकी एक बदल मणक्यांमधल्या गाद्याही बिघडवतो, हे २०१७ मध्ये दाखवले गेले. रबरासारखी लवचीक असायला हवी ती गादी ऐन तारुण्यात कडक होते आणि एखाद्या दिवशी फुटून मज्जारज्जूवर दाब देते. दर चार-पाच डॅशंडांपैकी एकाला आयुष्यात कधीतरी हा त्रास होतो, आणि तोही बहुधा तीन ते सात या वयात. म्हणजे ‘वय झाले’ हे उत्तर नेमके इथेच फसवते. पाठ दुखणारा कुत्रा दर वेळी विव्हळतोच असे नाही. तो सोफ्यावर चढायचे सोडतो, पाठीला कमान काढून उभा राहतो, उचलताना पोट आवळतो. घरचे म्हणतात, हल्ली शांत झाला आहे.

पाठ निर्दोष असली तरी कारणे संपत नाहीत. आपल्याकडच्या हवेत गोचीड जवळजवळ बारमाही. तिच्या चाव्यातून शिरणारा एर्लिकिया हा जीवाणू महिनोन्‌महिने नुसती मरगळ दाखवत राहू शकतो; बबेसिया हा परजीवी तांबड्या रक्तपेशी फोडतो आणि हिरड्या पांढुरक्या पडतात. थायरॉईड मंदावला तर खाणे तेवढेच राहून वजन वाढते आणि शेपटीवरचे केस विरळ होतात. मात्र अन्य आजारांतही टी-४ या थायरॉईड संप्रेरकाचा रक्तातला आकडा खाली येतो, म्हणून एकट्या त्या आकड्यावर गोळ्या सुरू करू नयेत. म्हाताऱ्या डॅशंडच्या हृदयाची झडप गळू लागते. गाढ झोपेतले श्वास मोजावेत. मिनिटाला तीसच्या वर जाऊ लागले तर छाती तपासून घ्यावी.

आता उपायांकडे पाहू. टॉनिकने यातले काहीच बरे होत नाही, फक्त दिवस वाया जातात. फिरवणे एरवी उत्तम. पण गादी सरकलेल्या कुत्र्याला सक्तीची विश्रांतीच लागते, चालवले तर इजा वाढते. माणसांची वेदनाशामक गोळी तर देऊच नये. ती त्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना घातक ठरू शकते.

एक आक्षेप उरतो: मग प्रत्येक डुलकीला डॉक्टर गाठायचा काय? नाही. मराठीने हा भेद आधीच करून ठेवला आहे. फिरून आलेला कुत्रा दमतो, झोपतो आणि ताजा उठतो. मलूल कुत्रा झोपून उठला तरी मलूलच असतो. गाईने रवंथ सोडले की शेतकरी तिला आळशी म्हणत नाही, गुरांच्या डॉक्टरला बोलावतो. तीच नजर इथे हवी. तुलना शेजारच्या लॅब्रॅडॉरशी करू नये, याच कुत्र्याच्या मागच्या महिन्याशी करावी.

तेव्हा सिद्धान्त एवढाच: झोप हा कुत्र्याचा स्वभाव, मरगळ हे लक्षण. साखळी वाजली तरी मान न उचलणारा डॅशंड दुसऱ्या दिवशीही तसाच असेल, तर त्याला तपासून घ्या. आणि मागचे पाय लटपटू लागले किंवा फरफटू लागले, तर सकाळची वाट पाहू नका. तिथे हिशेब तासांचा असतो.