झाडाला टेकून बसलेला अब्दुल कादिर

सायकल शर्यतींच्या गमतीजमती सांगणाऱ्या कुठल्याही यादीत एक जुना कृष्णधवल फोटो हमखास सापडतो. रस्त्याच्या कडेला झाडाच्या बुंध्याशी एक सायकलपटू गळून पडल्यासारखा बसला आहे आणि भोवती माणसं जमली आहेत. खाली ओळ ठरलेली असते. टूर द फ्रान्समध्ये आघाडीवर असलेला हा अल्जेरियन गडी वाटेत वाइन प्यायला, झाडाखाली झोपला आणि जाग आल्यावर उलट्या दिशेनं सायकल हाणत निघाला.

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो होतो. मग नावावर नजर गेली. फ्रेंच वर्तमानपत्रांनी ते 'अब्देल-कादेर झाफ' असं लिहिलं. आपल्या वळणानं लिहायचं तर अब्दुल कादिर. हे नाव प्रत्येक मोहल्ल्यात दोन-चार घरी सापडतं. अल्जेरियात तर त्याला वेगळंच वजन आहे, कारण १८३२ ते १८४७ अशी पंधरा वर्षं फ्रेंच फौजांशी झुंजणाऱ्या अमीराचंही हेच नाव. त्या नावाच्या माणसाची शंभर वर्षांनंतरची ओळख 'दारू पिऊन झोपलेला' अशी का उरावी, हे शोधावंसं वाटलं.

झाफचा जन्म १९१७चा, अल्जीअर्सच्या दक्षिणेला मितिजा मैदानातल्या शेबलीचा. सुपीक पट्टा, संत्र्यांच्या बागा आणि द्राक्षांचे मळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा नावाच्या किडीनं फ्रान्समधले द्राक्षमळे फस्त केले, तेव्हा वसाहतवाल्यांनी अल्जेरियात झपाट्यानं द्राक्षं लावली. झाफच्या उमेदीच्या काळात अल्जेरिया जगातल्या सगळ्यात मोठ्या वाइन निर्यातदारांपैकी एक होता. बहुसंख्य प्रजा मुसलमान, तिच्या जमिनीवर पिकतं काय तर वाइनची द्राक्षं, आणि ती जातात कुठे तर समुद्रापलीकडे.

राज्यकारभाराचा हिशेबही तसाच. १९४७च्या कायद्यानं अल्जेरियाला १२० सदस्यांची विधानसभा मिळाली. त्यातल्या ६० जागा मुख्यतः दहा लाखांच्या आसपास असलेल्या युरोपीय वस्तीसाठी आणि ६० जागा तिच्या कितीतरी पट मुसलमानांसाठी. त्याआधी दोनच वर्षं, मे १९४५मध्ये, सेतीफ आणि आसपास हजारो माणसं मारली गेली होती. ही पार्श्वभूमी त्या फोटोखाली कुणी लिहीत नाही. लिहायला जागाही नसते म्हणा.

टूर तेव्हा देशांच्या आणि प्रांतांच्या संघांमध्ये होई. १९५० साली एक संघ 'उत्तर आफ्रिके'चा होता. तो मोरोक्को-अल्जेरियातल्या युरोपीय आणि अरब खेळाडूंचा मिळून बनलेला. झाफ त्यात होता, वय ३३. सायकलपटूच्या मानानं उतरतीचं वय. भक्कम बांध्याचा हा माणूस सपाट रस्त्यावर एकाएकी वेग घेऊन पळ काढण्यासाठी ओळखला जाई. असा पळ बहुतेकदा फसतो, मागचा जथा तुम्हाला गाठतोच. तरीही तो पळायचा.

त्या वर्षीची शर्यत आधीच तापलेली होती. आस्पाँ घाटात इटलीच्या जिनो बार्तालीला प्रेक्षकांनी धक्काबुक्की केली आणि इटलीचे दोन्ही संघ निघून गेले. त्यांच्यातल्याच फिओरेंझो मान्यीच्या अंगावर पिवळी जर्सी आली होती, तीही तिथेच राहिली. पुढे स्वित्झर्लंडचा फर्डी क्युबलर जिंकला. पण आपल्याला त्याच्याशी कर्तव्य नाही.

२७ जुलै १९५०. तेरावा टप्पा, पर्पिन्याँ ते निम, २१५ किलोमीटर. दक्षिण फ्रान्सची ऐन उन्हाळ्यातली दुपार. उकाडा असा की दोनच दिवसांनी जथ्यातल्या बऱ्याच जणांनी सायकली किनाऱ्यावर टाकून समुद्रात उड्या घेतल्या. आयोजक त्यावर चिडले, पण फोटो आजही पाहायला मिळतो. अशा दिवशी झाफ आणि त्याच्याच संघातला मार्सेल मोलिनेस सुरुवातीलाच निसटले. मागचा जथा उन्हानं मरगळलेला, पाठलाग करायला कुणाला उत्साह नाही. दोघांची आघाडी वाढत पंधरा मिनिटांच्या वर गेली.

इथे पाण्याबद्दल सांगायला हवं. आज मागून येणाऱ्या मोटारीतून हव्या तितक्या बाटल्या मिळतात. तेव्हा तसं नव्हतं. हॅन्डलवरच्या बाटल्या संपल्या की वाटेतला नळ, कारंजं नाहीतर एखादं हॉटेल गाठायचं. शिवाय शर्यतीत पाणी कमीच प्यावं, जास्त प्यायलं तर पाय जड होतात, अशी समजूत जाणत्या लोकांचीही होती.

निम जवळ आलं आणि झाफ रस्त्यावर नागमोडी जाऊ लागला. पडला. लोकांनी त्याला बाजूला घेऊन झाडाच्या सावलीत बसवलं. मोलिनेस एकटा पुढे गेला आणि टप्पा जिंकला. टूरचा टप्पा जिंकणारा आफ्रिकेतला तो पहिला सायकलपटू. दुसऱ्या दिवशी त्याच संघाच्या कुस्तोदियो दोस रेइसनं पुढचा टप्पा मारला. उत्तर आफ्रिकेच्या संघासाठी केवढे मोठे दोन दिवस! पण लक्षात राहिला तो झाडाखालचा माणूस.

हा सगळा मुलूख वाइन पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचा. कुणी म्हणतं, त्यांनी झाफला शुद्धीवर आणायला तोंडावर वाइन शिंपडली. कुणी म्हणतं, तहानेनं व्याकुळ झालेल्या त्याच्या हातात बाटली दिली आणि कधी दारूला न शिवलेल्या माणसाला ती चढली. शुद्धीवर आल्यावर तो सायकलवर बसला आणि आलेल्या दिशेनंच निघाला, एवढं मात्र सगळेच सांगतात. अंगाला वाइनचा वास येत होता. बातमी तयार झाली.

खानदेशात किंवा मराठवाड्यात मे महिना काढलेल्या कुणालाही विचारा, ऊन लागलेला माणूस कसा दिसतो. अंग भाजतं, पाय लटपटतात, जीभ अडखळते. समोर कोण आहे, आपण कुठे आहोत, उमगत नाही. उष्माघात झालेला आणि प्यायलेला, दोघं लांबून सारखेच दिसतात. अंगावर वाइन ओतलेली असेल तर मग विचारायलाच नको.

मला झाफला फरिश्ता ठरवायचं नाही. त्या काळी शर्यतींत अ‍ॅम्फेटामीनच्या गोळ्या सर्रास चालत. फ्रान्सनं त्याविरुद्ध कायदा केला तोच १९६५मध्ये. गोळी घेतली की थकवा कळत नाही, शरीर तापत जातं आणि माणूस पॅडल मारत राहतो. झाफबद्दलही तो संशय पुढे अनेकांनी बोलून दाखवला. तपासणीच नसल्यामुळे आता ठरवणार कोण? पण गंमत पाहा, गोळीची गोष्ट खरी असती तर तो इतरांसारखाच एक ठरला असता. वाइनच्या गोष्टीनं तो वेगळा पडला. दारू निषिद्ध मानणारा मुसलमान आणि दारूच्या नशेत, हा विनोद वाचकाला आयता मिळाला.

आयती गोष्ट किती लवकर पटते, हे मी स्वतःवरून सांगतो. नोकरीची पहिलीच काही वर्षं. रमजान तेव्हा नोव्हेंबरात यायचा. तालुक्याच्या क्रीडा स्पर्धेत आमच्या शाळेचा नववीतला एक मुलगा पंधराशे मीटरच्या शेवटच्या फेरीत कोसळला. आजूबाजूला लगेच सुरू झालं, रोजा ठेवून कशाला पळवता पोरांना? मीही मनात तेच म्हटलं. त्याच्या घरच्यांना समजवायचं, असं ठरवूनही टाकलं. तोंडावर पाणी मारलं, तर पोरगं माझ्या हातातला तांब्या ओढून घटाघटा प्यायलं आणि म्हणालं, "सर, मेरा रोजा नहीं है. रातभर कांडी भर रहा था." बाप आजारी, म्हणून तो यंत्रमागाच्या कारखान्यात रात्रपाळीला बसला होता. त्याला विचारावं, हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. मी तर त्याचा वर्गशिक्षक.

झाफचं पुढे काय झालं, ते त्या याद्यांत येत नाही. टप्पा पुरा न केल्यामुळे तो १९५०च्या टूरमधून बाद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दवाखान्यातून निघून सुरुवातीच्या जागी आला आणि 'राहिलेलं अंतर आता कापतो, मग मला पुढे जाऊ द्या' असं आयोजकांना म्हणाला, असं सांगतात. त्यांनी ऐकलं नाही. बदनामीचा एक फायदा मात्र झाला. गावोगावच्या छोट्या शर्यतींचे आयोजक 'तो' झाफ पाहायला गर्दी होईल म्हणून त्याला पैसे देऊन बोलवू लागले. त्यानं ती बोलावणी घेतली. पोट सगळ्यांनाच असतं.

१९५१च्या जुलैत तो पुन्हा टूरमध्ये उतरला. सोळावा टप्पा कार्कासोन ते माँपेलिये, म्हणजे गेल्या वर्षी कोसळला त्याच प्रांतातून, तसल्याच उन्हात. आणि झाफनं काय करावं? पुन्हा पळ काढला! त्या हल्ल्यानं जथ्यात धावपळ उडाली, ह्युगो कोब्लेटसारखे दादा लोक पुढे सरसावले आणि त्या गडबडीत खुद्द फाउस्तो कोप्पी मागे पडला. कोप्पीचा धाकटा भाऊ सेर्से शर्यतीत पडून तीनच आठवड्यांपूर्वी गेला होता. त्या दुःखात असलेल्या त्या थोर सायकलपटूनं एका दिवसात अर्ध्या तासाहून जास्त वेळ गमावला. टप्पा कोब्लेटनं जिंकला, पुढे टूरही त्यानंच. कोप्पीवर पानंच्या पानं लिहिली गेली. त्या दिवशीची ठिणगी कुणी टाकली, ते एखाद्या ओळीत येतं.

यंदा झाफ पॅरिसला पोचला. निघालेल्या १२३ जणांतले ६६ पोचले आणि तो सहासष्टावा होता. शेवटच्या सायकलपटूला फ्रेंच लोक 'लाल कंदील' म्हणतात, आगगाडीच्या शेवटच्या डब्यामागे टांगलेल्या दिव्यावरून. त्यानं पुरी केलेली टूर ती एवढीच. १९६२ साली अल्जेरिया स्वतंत्र झाला, तेव्हा तो ४५ वर्षांचा होता. उतारवयात मधुमेहानं त्याची नजर अधू झाली. १९८६ साली तो वारला.