आगबोट, पडाव आणि खाडी

नेटवर्क म्हटलं की ऑफिसातल्या मंडळींना राऊटर आठवतो. मला कोकणची आगबोट! भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला करत पणजी गाठायची. बऱ्याच ठिकाणी ती धक्क्याला लागायचीच नाही. बाहेर नांगर टाकायची, मग पडाव माणसं न्यायचे-आणायचे.

खरी गंमत पुढेच. दाभोळला उतरून लाँचनं वाशिष्ठीच्या खाडीतून वर चिपळूणजवळच्या गोवळकोटला जाता यायचं. म्हणजे दाभोळ हे शेवटचं स्टेशन नव्हतं, जंक्शन होतं.

पण पावसाळ्यात बोटी बंद, आणि रस्ते झाल्यावर एसटी बारमाही, थेट गावात. १९८०च्या दशकात मुंबई-गोवा बोट थांबली. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली, ती चिपळूणवरून. दाभोळ बाजूलाच राहिलं. आता तिथली फेरीबोट खाडीपलीकडच्या धोपाव्याला जाते, बस्स.

भाऊचा धक्का-मांडवा रो-रो २०२० साली सुरू झाली, छानच आहे. पण दोन टोकं जोडली की नेटवर्क होत नाही हो! पुढच्या बंदराची बोट आणि उतरल्यावर गावाची गाडी मिळाली, तरच बंदर जगतं. नाहीतर उरतो नुसता धक्का. तुम्हाला काय वाटतं?