रुळांचे सांधे आणि लोखंडाची खपली

रोलिंग मिलमध्ये लालबुंद पोलाद लाटताना त्याच्या अंगावर काळी खपली धरते आणि गळून पडते. ही खपली म्हणजे लोखंडाची ऑक्साइडे. मिलच्या लेखी तो कचरा; पण दळून, भाजून कोरडी केलेली खपली वजनाने सुमारे तीन भाग आणि ॲल्युमिनियमची भुकटी एक भाग मिसळली की थर्माइट तयार होते.

ॲल्युमिनियमला ऑक्सिजनची ओढ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त. ते धातूंच्या ऑक्साइडांतला ऑक्सिजन हिसकावून घेते, हे रशियन रसायनज्ञ निकोलाय बेकेटोव्ह यांनी १८६५ च्या सुमारास दाखवले होते. पण ॲल्युमिनियम तेव्हा फार महाग होते. १८८६ मध्ये हॉल आणि एरू यांनी ते विजेच्या साहाय्याने काढण्याची पद्धत शोधल्यावर भाव उतरले. तरी एक अडचण उरलीच: सगळे मिश्रण भट्टीत तापवले की ते एकदम भडके आणि मुशीबाहेर उडे.

ती सोडवली जर्मनीतल्या एसेनच्या हान्स गोल्डश्मिट यांनी. त्यांच्या घरच्या कारखान्यात कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या कातरणांतून कथिल परत मिळवत, म्हणजे भंगाराशी नाते जुनेच. त्यांना हवे होते कार्बनविरहित क्रोमियम आणि मँगनीज. त्यांनी भट्टीच वगळली. थंड मिश्रण मुशीत भरायचे, वर बेरियम पेरॉक्साइडयुक्त चिमूटभर पूड ठेवायची आणि मॅग्नेशियमच्या फितीने तेवढ्याच जागी पेटवायचे. पुढचे काम अभिक्रियेची स्वतःची उष्णता करते. पेटंट १८९५ चे.

लोखंडाच्या मिश्रणात तापमान २,५०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. वितळलेले लोखंड तळाशी बसते, ॲल्युमिनियम ऑक्साइडची हलकी मळी वर तरंगते. ना वीज लागते ना भाता, म्हणून ही युक्ती रस्त्यात उघड्यावरही चालली: १८९९ मध्ये एसेनच्या ट्रामचे रूळ असे जोडले गेले. शोध लागला शुद्ध धातूंसाठी, नाव झाले रुळांवर.

निव्वळ लोखंड मात्र रुळाला मऊ पडते. म्हणून मिश्रणात कार्बन आणि मँगनीज घालतात, शिवाय पोलादाचे बारीक तुकडेही; ते अभिक्रियेची धग आवरतात आणि वितळून धातूत भर घालतात. ओलावा मात्र घातक: त्याची वाफ होऊन तप्त रस उसळतो. खपली भाजून घेण्याचे कारण हेच.

भारतीय रेल्वेत या पद्धतीला ‘एटी (ॲल्युमिनो-थर्मिक) वेल्डिंग’ म्हणतात. कारखान्यात विजेने जोडलेले लांब रूळ मार्गावर आणून टाकले, की त्यांचे जागेवरचे सांधे सांधायला तीच वापरतात.