झाशी ते काळपी

झाशीच्या किल्ल्यावर गेलेल्या प्रवाशाला तटावरची एक जागा हटकून दाखविली जाते. दत्तक पुत्र दामोदरराव याला पाठीशी बांधून राणी लक्ष्मीबाईने येथूनच घोड्यासह उडी घेतली, असे सांगतात. खाली डोकावणाऱ्याचे डोळे फिरतात आणि श्रद्धेने तो हात जोडतो. ही श्रद्धा आदरणीय असली, तरी त्या रात्रीचा खरा पराक्रम त्या उडीत नव्हता. तो उडीनंतरच्या चोवीस तासांत होता. उडी ही क्षणाची गोष्ट. झाशीपासून यमुनाकाठच्या काळपीपर्यंतची दौड हे मात्र रात्रंदिवस चाललेले काम होते, आणि ते एकट्या राणीचे नव्हते.

सर ह्यू रोझ याच्या फौजेने १८५८ च्या मार्च महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात झाशीला वेढा घातला. शत्रूला दाणा-वैरण मिळू नये म्हणून राणीने शहराभोवतीचा मुलूख आधीच उजाड करून ठेवला होता. डावपेच चोख होता. परंतु ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी आणि शेजारच्या ओरछा संस्थानाने इंग्रजांची रसद भागविली, आणि तो डाव फुकट गेला. शिंदे म्हणजे मराठेच. यावर अधिक भाष्य न केलेले बरे. १ एप्रिल रोजी तात्या टोपे यांच्या कुमकेचा बेतवेच्या काठी मोड झाला. ३ तारखेला इंग्रज तट चढून शहरात शिरले. गल्लोगल्ली रक्तपात सुरू झाला. आता किल्ल्यात राहून मरणे आणि बाहेर पडून लढणे, असे दोनच मार्ग उरले.

४ एप्रिलच्या रात्री राणी बाहेर पडली. परंपरेतील विश्वसनीय भाग असा, की ती शहराच्या उत्तर अंगाच्या भांडेरी दरवाज्याने गेली. चैत्राचा वद्य पक्ष होता. चंद्र उशिरा उगवणार होता आणि पूर्वरात्रीचा अंधार हाच पहिला सोबती होता. रोझने शहराभोवती घोडदळाच्या चौक्या बसविल्या होत्या. त्या चुकवून, काही ठिकाणी झटापट करून, ही मंडळी ईशान्येकडे निघाली. राणीचे वडील मोरोपंत तांबे यांची ताटातूट झाली. जखमी अवस्थेत ते दतियाला पोहोचले; तेथे पकडले जाऊन इंग्रजांच्या हवाली झाले, आणि त्याच महिन्यात झाशीत फाशी गेले.

झाशीपासून भांडेर एकवीस मैल. तेथे क्षणभर थांबून मुलाच्या मुखी दोन घास घालावेत, असा विचार झालेला दिसतो. तोच पाठलागावर असलेला लेफ्टनंट डाउकर येऊन पोहोचला. (काही पुस्तकांत याचे नाव बोकर असे आढळते.) या प्रसंगाची नोंद रोझच्या लष्करी खलित्यात आहे, आणि ती शत्रूने केलेली असल्यामुळे तिचे मोल अधिक. डाउकरला गावात एक तंबू दिसला. तंबूत अर्धवट टाकलेली न्याहारी होती. गाव ओलांडल्यावर त्याची गाठ चाळीस स्वारांशी पडली. त्यांत रोहिले होते, बंगालच्या फौजेतून फुटलेले घोडेस्वार होते. त्यांच्या पलीकडे, करड्या घोड्यावर, चार अनुचरांसह राणी दौडत असलेली त्याने पाहिली. तो अंतर तोडीत चालला होता. इतक्यात गंभीर जखम होऊन तो घोड्यावरून खाली आला आणि पाठलाग थांबला.

येथे थोडे थांबावयास हवे. चाळीस मागे आणि चार पुढे, हा आकड्यांचा खेळ नव्हे. दौडीत पुढे राहणाऱ्याला वेग लागतो. मागे राहणाऱ्याला त्याहून अवघड असे काही लागते, कारण आपण पोहोचणार नाही हे त्याला ठाऊक असते. या चाळिसांपैकी बहुतेक झाशीचे नव्हते, मराठी तर नव्हतेच. त्यांची नावे त्या खलित्यात नाहीत. डाउकरला नेमका कोणी जखमी केला, यावर मराठी लेखकांनी पुष्कळ लिहिले आहे. राणीनेच तलवार चालविली असे आपल्याकडे मानतात, तर खलित्यात केवळ जखमेचा उल्लेख आहे. कोणाचाही हात असो, त्या चाळिसांनी अडवून धरले नसते तर काळपी दिसली नसती.

भांडेरपासून पुढचा मुलूख बुंदेलखंडाचा खास मुलूख आहे. कोंच-उरईकडची काळी माती पावसाळ्यात घोड्याचे पाय गिळते, आणि चैत्र-वैशाखात भेगाळून दगडासारखी होते. झाडी विरळ, विहिरी दूरदूर. यमुना जवळ आली की नाळी आणि घळींचे जाळे लागते, ज्यात वाट ठाऊक नसलेला मनुष्य दिवसाही चुकतो. उन्हाचा अंदाज रोझच्याच अनुभवावरून करता येईल: महिन्याभराने, ७ मे रोजी, कोंचच्या लढाईत हा सेनापती उन्हाच्या तडाख्याने पुन्हा पुन्हा खाली कोसळला आणि त्याचे अनेक सैनिक उष्माघाताने दगावले. याच वाटेवरून राणीच्या पाठीशी आठ-नऊ वर्षांचे मूल होते. चित्रकारांनी ते तान्हे दाखविले आहे. तान्हे मूल बांधून नेणे सोपे. एवढ्या वयाचा मुलगा पाठीवर घेऊन दिवसभर खोगिरावर बसणे हे काय आहे, ते घोड्यावर बसणाराच जाणे.

अंतर एकशे दोन मैल आणि वेळ चोवीस तास, असे सर्वत्र सांगितले जाते. आजच्या लोहमार्गाने झाशी ते काळपी सुमारे दीडशे किलोमीटर, म्हणजे नव्वद मैलांच्या वर. चौक्या चुकवीत आडवाटेने जाणाऱ्याला त्यात दहा मैलांची भर पडणे स्वाभाविक आहे. तेव्हा हा आकडा अतिशयोक्तीचा म्हणून बाजूला सारता येत नाही. मध्यरात्रीच्या सुमारास राणी काळपीस पोहोचली. घोडा तेथे पोहोचताच कोसळला, असे परंपरा सांगते. रावसाहेब पेशवे आणि तात्या तेथेच होते.

पेण तालुक्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे वेढ्याच्या वेळी झाशीतच होते. पुढे काळपीच्या वाटेवर एका विहिरीशी त्यांना राणी भेटली. अंगावर पठाणी पेहराव, सर्वांगी धूळ, घसा कोरडा. भटजी तिच्यासाठी पाणी काढू लागले, तेव्हा विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी श्रम घेऊ नयेत असे म्हणून तिने स्वतःच पाणी काढले आणि मडक्यातून ओंजळीने प्याली. ‘माझा प्रवास’ १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केले. त्यातील हे चित्र कोणत्याही पुतळ्याहून अधिक बोलके आहे. पराभवाच्या दिवसांतही माणूस रीत सोडीत नाही, एवढे त्यात दिसते.

जून महिन्यात ग्वाल्हेरजवळ कोटा की सराई येथे राणी पडली. सोबत्यांची दौड मात्र संपली नाही. रामचंद्रराव देशमुख, रघुनाथसिंह आदी मंडळी दामोदररावाला घेऊन चंदेरी-ललितपूरकडच्या रानांत हिंडत राहिली. गावात आश्रय मिळेना, पावसाळे उघड्यावर गेले, जवळचे किडूकमिडूक विकून पोट भरावे लागले, मुलगा आजारी पडला. असे जवळजवळ दोन वर्षे चालले. अखेर झालरापाटणच्या मार्गे १८६० साली ते त्याला इंदूरला घेऊन आले. इंग्रज सरकारने त्याला अल्पसे वेतन बांधून दिले. झाशीचे राज्य त्याला कधीच परत मिळाले नाही. १९०६ साली इंदूरलाच त्याचा अंत झाला.