डबल (ब्रिजमधील)

काँट्रॅक्ट ब्रिज या पत्त्यांच्या खेळातील एक घोषणा. प्रतिपक्षाच्या बोलीनंतर आपली पाळी आली असता खेळाडू ‘डबल’ म्हणतो. ती बोली अखेरची ठरली, तर करार पुरा झाल्यास बोलणाऱ्या पक्षाचे गुण वाढतात आणि बुडाल्यास त्याचा दंड वाढतो. नियमांतील हा अर्थ प्रारंभापासून कायम आहे; खेळाडूंच्या व्यवहारातील अर्थ मात्र विसाव्या शतकात जवळजवळ पालटला. प्रतिपक्षाला दिलेले आव्हान हे डबलचे मूळ रूप. पुढे आपल्याच भिडूला संदेश देण्याचे ते साधन बनले.

या पालटाचे मूळ ऑक्शन ब्रिजच्या काळात आहे. एकाच्या बोलीला सातच हात करावे लागतात आणि दंड होईलसे दिसताच प्रतिपक्षाला दुसऱ्या रंगात निसटता येते. त्यामुळे खालच्या पातळीवर दंडासाठी डबल देण्याची संधी क्वचितच येई. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकी खेळाडूंनी या पडून राहिलेल्या शब्दाला नवे काम दिले : ‘माझी पाने चांगली आहेत, उरलेले तिन्ही रंग मला चालतील, तुझा लांब रंग बोल’. ही ‘टेकआउट डबल’ होय. तिचे श्रेय सामान्यतः न्यूयॉर्कचे मेजर चार्ल्स पॅटन व सेंट लुइसचे ब्रायंट मॅककँबेल यांना देतात.

हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ मध्ये काँट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धती सिद्ध केली. बोललेलेच हात गेममध्ये धरावयाचे, या नियमामुळे बोली वर चढविणे भाग पडले आणि प्रतिपक्षाला किती वर ढकलावे, कोठे थांबावे, डबल केव्हा द्यावी हा निर्णय खेळाचा गाभा ठरला. ईली कल्बर्टसन यांनी त्यासाठी ‘दोन व तीन’ हा नियम लोकप्रिय केला : व्हल्नरेबल असताना दोन, नसताना तीन हात कमी पडतील इतपतच धाडस करावे. आजच्या गुणांप्रमाणे दोन्ही प्रसंगी डबलचा दंड ५०० होतो. डुप्लिकेट ब्रिजमध्ये व्हल्नरेबल प्रतिपक्षाचा चार बदामांचा करार ६२० गुणांचा असतो, म्हणून ५०० चा दंड स्वस्त पडतो. प्रतिपक्ष व्हल्नरेबल नसेल, तर त्याला ४२० च मिळाले असते आणि तेच धाडस तोट्याचे ठरते. डबल देणाराही निर्धास्त नसतो. दोन बदामांचे ६० गुण डबलने १२० होतात, म्हणजे त्याने प्रतिपक्षाला गेमच बहाल केलेला असतो.

डबलच्या इतिहासातील सर्वांत दूरगामी बदल १९५७ मध्ये अमेरिकेत अ‍ॅल्व्हिन रॉथ यांच्या कल्पनेतून झाला. भिडूने एक किलवर बोलून सुरुवात केली आणि प्रतिपक्षाने मध्ये एक इस्पिक म्हटले, तर बेताची पाने व बदामाची चार पाने असलेल्या खेळाडूला पूर्वी बहुधा पास म्हणावे लागे. रॉथ यांनी येथील दंडाची डबल सोडून तिला न बोललेल्या रंगांचा निर्देश करावयास लावले. त्याच वर्षी सोडलेल्या रशियन उपग्रहावरून तिला ‘स्पुटनिक’ हे नाव पडले. ‘निगेटिव्ह डबल’ हे नाव पुढे रूढ झाले. ती काही फुकट मिळालेली नाही. इस्पिकाची भक्कम पाने असलेल्याला आता स्वतः दंड करता येत नाही. तो पास म्हणतो आणि भिडू टेकआउट डबल देईल अशी वाट पाहतो. भिडूने ती दिली, की पुन्हा पास म्हणून तिचे दंडात रूपांतर करतो. ज्या भिडूजवळ इस्पिके थोडी आहेत त्याने, पाने साधारण असली तरी, ही डबल देणे त्याचे कर्तव्यच ठरते. एकाच्या हातातील शस्त्र अशा रीतीने दोघांच्या विश्वासावर सोपविले गेले, आणि नवख्या जोड्या येथेच फसतात.

वरच्या पातळीवरील निर्णयासाठी फ्रेंच अभ्यासक झां-रने व्हेर्न यांनी १९६९ मध्ये ‘द ब्रिज वर्ल्ड’ मासिकात एक ठोकताळा मांडला : दोन्ही पक्षांचे आपापल्या सर्वोत्तम हुकुमात होणारे एकूण हात त्या दोन हुकुमांच्या एकूण पानांइतके असतात. एका पक्षाकडे नऊ बदाम, दुसऱ्याकडे नऊ इस्पिके असल्यास ही बेरीज १८ होते. प्रतिपक्षाचे बदामात दहा हात होणार असतील, तर आपले इस्पिकात आठ; चार इस्पिकांना डबलने, व्हल्नरेबल नसताना, ३०० चाच दंड. दोघांचेही नऊच हात होणार असतील, तर बोलणे चूक व डबल बरोबर. लॅरी कोहेन यांच्या १९९२ मधील पुस्तकाने हा नियम घरोघर पोहोचविला. माइक लॉरेन्स व आंडेर्स विर्ग्रेन यांनी २००४ मध्ये त्यावर सविस्तर आक्षेप घेतले. पानांची वाटणी हुकुमांच्या संख्येइतकीच महत्त्वाची असते, हा त्यांचा मुद्दा ग्राह्य वाटतो.

दंडाचे कोष्टकही बदलले. पूर्वी व्हल्नरेबल नसलेल्या पक्षाचे अकरा हात कमी पडले, तरी दंड २,१०० च होई आणि प्रतिपक्षाच्या बदाम वा इस्पिकांतील व्हल्नरेबल ग्रँड स्लॅमच्या २,२१० गुणांपेक्षा तो कमीच राही. १९८७ च्या नियमांनी चौथ्या व पुढील प्रत्येक हाताचा दंड २०० ऐवजी ३०० केला. आता नऊच हातांत तो २,३०० होतो.

तोंडी बोलीच्या काळात डबलच्या उच्चारातील जोर भिडूला सूचक ठरू शकत असे. स्वीडनमधून प्रसार पावलेल्या बोलीपेट्यांमुळे आवाजाचा हा प्रश्न उरला नाही. तेथे लाल पत्त्यावरील फुली हीच डबल. तिचा अर्थ विचारण्याचा हक्क प्रतिपक्षाला आहे. उत्तर मात्र ती देणाऱ्याचा भिडू देतो.