पॉप आर्टमधील स्त्रीव्यक्तिचित्रे

पॉप आर्ट चळवळीतील चित्रकारांनी मुख्यतः १९६० नंतरच्या दशकात अमेरिका व ब्रिटनमध्ये केलेली स्त्रियांची शैलीबद्ध चित्रे. यांतील बहुतेक चित्रांसाठी कोणी समोर बसले नव्हते. सिनेमाची जाहिरात, वर्तमानपत्र किंवा कॉमिक्समध्ये आधीच छापून आलेला चेहरा चित्रकाराने उचलला. म्हणून या चित्रांतील प्रतीके शोधायची ती प्रामुख्याने छपाईच्या खुणांत.

अँडी वॉरहॉलचे ‘मॅरिलिन डिप्टिक’ (१९६२, टेट, लंडन) हे याचे ठळक उदाहरण. मॅरिलिन मन्रो ऑगस्ट १९६२ मध्ये वारली. ‘नायगारा’ (१९५३) या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी काढलेले तिचे छायाचित्र वॉरहॉलने घेतले आणि स्क्रीन प्रिंटिंगने पन्नास वेळा छापले. डावीकडे पंचवीस रंगीत चेहरे, उजवीकडे पंचवीस काळेपांढरे. पिवळे केस, गुलाबी त्वचा, निळ्या पापण्या आणि लाल ओठ असे सपाट रंग आधी लावून त्यावर छायाचित्राची काळी शाई चढवलेली आहे. दोन्ही नेमके जुळत नाहीत. रंग ओठांच्या कडेबाहेर सरकतो, चेहरा मुखवट्यासारखा दिसू लागतो. उजव्या बाजूला शाई कुठे साचते, कुठे पुसट होत जाते. हा विटत जाणारा ठसा अनेक समीक्षकांना तिच्या मृत्यूचे सूचन वाटतो.

त्याच वर्षीच्या ‘गोल्ड मॅरिलिन मन्रो’मध्ये सोनेरी पार्श्वभूमीच्या मधोमध एकच छोटा चेहरा आहे. वॉरहॉल पिट्सबर्गमधल्या बायझंटाइन कॅथलिक कुटुंबात वाढला. चर्चमधील संतप्रतिमांचे सोने इथे एका सिनेतारकेच्या वाट्याला आले.

रॉय लिक्टनस्टाइनच्या नायिका प्रणयकथांच्या कॉमिक्समधून आल्या. ‘ड्राउनिंग गर्ल’चे (१९६३) मूळ चित्र डीसी कॉमिक्सच्या ‘सीक्रेट हार्ट्स’मधले. त्यात मागे उलटलेल्या नावेला धरून राहिलेला प्रियकर होता. लिक्टनस्टाइनने त्याला कापून टाकले; उरली ती लाटांत बुडणारी, तरी ब्रॅड या आपल्या प्रियकराला मदतीसाठी हाक मारायला तयार नसलेली मुलगी. लाटांचे वळण जपानी चित्रकार होकुसाईची आठवण करून देते. स्वस्त छपाईतले बेन-डे ठिपके त्याने मोठे करून रंगवले. अश्रू ठसठशीत, पण दुःख छापील, असा विरोधाभास त्यातून उभा राहतो.

टॉम वेसलमनच्या ‘ग्रेट अमेरिकन न्यूड’ मालिकेतील अनेक स्त्रियांना डोळेच नाहीत. लालभडक ओठ तेवढे ठळक. स्त्री म्हणजे एक उपभोग्य वस्तू, ही जाहिरातीची नजर या चित्रांनी उघडी पाडली की तीच पुढे चालवली, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

ब्रिटिश चित्रकार पॉलीन बोटी हिने ‘द ओन्ली ब्लाँड इन द वर्ल्ड’मध्ये (१९६३) हिरव्या अमूर्त पट्ट्यांच्या फटीतून लगबगीने जाणारी मॅरिलिन दाखवली. इथे ती चौकटीत थांबलेली नाही, नजरेआड होण्याच्या बेतात आहे. बोटी १९६६ मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी वारली. पुढे तिची बरीच चित्रे भावाच्या शेतावर पडून होती. १९९० नंतर ती पुन्हा प्रदर्शनांत आली.